पट्टी खरं बोलत होती

ज्या ताईंनी मला पाणी आम्लारी, म्हणजे अल्कलाइन, करणारं मशीन विकलं, त्यांच्या स्वतःच्या ओट्यावरही तेच मशीन होतं आणि त्या मनापासून तेच पाणी पीत होत्या. मी फसले ती त्यामुळेच. दारावर कुणी अनोळखी विक्रेता आला असता तर मी बाहेरच्या बाहेर वाटेला लावला असता.

तेव्हा मला सहा-सात महिने थकवा होता. जिना चढला की धाप लागायची, दुपारी डोळे आपोआप मिटायचे, कंगव्यात केसांचा पुंजका यायचा. ताई म्हणाल्या, "अगं, तुझं शरीर आम्लधर्मी झालंय." आणि त्यांनी प्रयोगच मांडला. दोन ग्लास, एकात साधं पाणी, एकात मशीनचं, दोन्हींत एकाच बाटलीतले, आम्लपणा रंगाने दाखवणारे थेंब. साधं पाणी पिवळट झालं, मशीनचं गर्द जांभळं. "हे पिवळं तू रोज पितेस." माझ्या डोळ्यांसमोर घडलं, मग शंका कशाची घ्यायची?

खरं तर तेव्हाच एक नळी घेऊन त्या जांभळ्या पाण्यात फुंकायला हवं होतं. मी ते पुढे वर्षभराने केलं. मिनिटा-दोन मिनिटांत जांभळा उतरून हिरवा आला, मग पिवळट. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळून कार्बनिक आम्ल होतं, बस. ज्या आम्लाला मी घाबरले होते ते दर श्वासाला माझ्याच नाकातून बाहेर पडत होतं, आणि मूत्रपिंडं दिवसभरात जेवढं आम्ल बाहेर टाकतात त्याच्या शंभरपटीहून जास्त.

मशीनबरोबर तीन गोष्टी आल्या : आम्लारी थेंबांची बाटली, लघवी तपासायच्या पट्ट्या आणि एक पत्रक. पत्रकात होतं की जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबर्ग यांना १९३१ चं नोबेल 'कर्करोग आम्लातच वाढतो' हे सिद्ध केल्याबद्दल मिळालं. नोबेल त्यांना मिळालं हे खरं, पण ते पेशींच्या श्वसनातल्या विकराच्या (एन्झाइमच्या) शोधासाठी. गाठीभोवती आम्ल जास्त आढळतं, पण ते गाठीनेच तयार केलेलं असतं. आम्लामुळे गाठ होते असा त्याचा अर्थ नाही.

पट्टीचं मात्र सविस्तर सांगते, कारण मला खरी पकड तिनेच घातली. पहिल्या सकाळी पट्टी पिवळी आली, सामू (pH; ७ च्या खाली आम्ल, वर आम्लारी) ५.५. ताईंनी फोनवर नुसतं "बघ!" म्हटलं. थेंब आणि पाणी सुरू केल्यावर चौथ्या दिवशी पट्टी हिरवी झाली, ७.५. मी अक्षरशः आनंदाने ओरडले. रोज सकाळी वहीत आकडा लिहायचे. आकडा चढता आणि थकवा तसाच, पण मला आकडा खरा वाटायचा आणि थकवा खोटा. "विष बाहेर पडताना असं होतंच," ताई म्हणायच्या. म्हणजे बरं वाटलं तर मशीनमुळे, नाही वाटलं तरी मशीनमुळेच.

अकराव्या महिन्यात जिन्यात चक्कर येऊन बसले तेव्हा डॉक्टरांकडे गेले. मी वही पुढे केली. त्यांनी ती शांतपणे चाळली आणि विचारलं, "लघवीत काय जातं? शरीराला हवं ते की नको ते?"

मी काही बोलले नाही.

रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात राहतो. रक्तातलं बायकार्बोनेट आम्ल झेलतं, फुप्फुसं मिनिटांत जुळवून घेतात, मूत्रपिंडं तास-दिवस घेऊन उरलेला हिशेब मिटवतात. हा पट्टा जागच्या जागी राहावा म्हणूनच लघवीचा सामू ४.५ पासून ८ पर्यंत कुठेही फिरतो. पहिल्या दिवशीची पिवळी पट्टी सांगत होती की मूत्रपिंडं नेहमीसारखी आम्ल टाकताहेत. हिरवी पट्टी सांगत होती की मी पैसे मोजून पोटात घातलेली आम्लारी ती तितक्याच इमानाने फेकून देताहेत. पट्टीने मला कधीच फसवलं नाही. ती उलटी वाचायला मला शिकवलं होतं.

आणि पाण्याचं म्हणाल, तर जठरातला सामू १.५ ते ३.५. सामूचा एक अंक म्हणजे दहापट फरक. पाण्यात दुसरे क्षार नसतील तर ९.५ सामूचा अख्खा ग्लास शमवायला २ सामूचा १ मिलिलीटरसुद्धा जठररस लागत नाही. हे गणित मी स्वतः मांडून पाहिलं आणि मग बराच वेळ मशीनकडे बघत बसले.

रक्त खरोखर आम्ल होतं तेव्हा माणूस पट्ट्या तपासत घरी बसत नाही. मधुमेहात कीटोन साठले किंवा मूत्रपिंडं निकामी झाली की तसं होतं. श्वास खोल आणि भराभर चालतो, रुग्णालय गाठावं लागतं.

रक्ततपासणीत माझं बायकार्बोनेट २५ होतं, शेजारी २२ ते २८ अशी मर्यादा छापलेली. आणि ते ताईंना भेटण्याच्या आधीच्या रिपोर्टमध्येसुद्धा २५ च होतं! तो कागद फाईलमध्ये पडून होता. नव्या रिपोर्टमध्ये वाईट होतं ते हिमोग्लोबिन, ९.१. साधी लोहाची कमतरता. त्यात मजा अशी की अन्नातलं लोह शोषलं जायला जठरातलं आम्ल मदत करतं आणि मी वर्षभर, दर जेवणाबरोबर, त्या आम्लावर थेंब ओतत होते.

पैसे परत मिळाले नाहीत. 'वापरलेलं यंत्र परत घेतलं जात नाही' ही ओळ पावतीच्या मागे होती, त्यावर मी सहीही केली होती. ताईंनी बोलणं टाकलं. त्यांचा राग मला समजतो, कारण विक्रीच्या साखळीत त्यांच्या हाताखाली मी होते आणि माझ्या हाताखाली माझी मावसबहीण.

हो, तिला मीच घ्यायला लावलं. तेच दोन ग्लास, तेच थेंब, तेच "बघ!" तिच्या सासऱ्यांची मूत्रपिंडं आधीच अशक्त, आणि थेंबांच्या बाटलीवर बारीक अक्षरांत पोटॅशियम लिहिलेलं. अशा माणसाच्या रक्तात ते साठलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, हे डॉक्टरांनी सांगितलं त्याच संध्याकाळी मी तिच्याकडे गेले आणि बाटली उचलून आणली. "मला तर बरं वाटतंय गं," ती म्हणाली. मशीन तिच्याकडे अजून चालू आहे.