बेबी कॅरिअर : बाळ छातीशी आणि हात थोरलीला

बेबी कॅरिअर घेताना सगळे बाळाचा विचार करतात. अनेक महिने रोज वापरल्यावर माझं ठाम मत झालं आहे की दोन लहान मुलांच्या घरात ही वस्तू थोरल्या मुलासाठी घ्यावी. बाळाला कोणीही उचलून घेतं, पण थोरल्याच्या वाट्याचे हात कमी पडतात, आणि ते हात कॅरिअरमुळे मोकळे होतात.

आमचं कॅरिअर बकलवालं आहे. रुंद कंबरपट्टा, गादी भरलेले दोन खांदेपट्टे आणि मध्ये बाळाला बसवायचा कापडी भाग, ज्याची रुंदी कमी-जास्त करता येते. धाकटा तान्हा होता तेव्हापासून तो रांगायला लागेपर्यंत मी आणि बायको, दोघांनीही ते वापरलं. सुरुवातीला थोरली साडेतीन वर्षांची होती, आता चार पार झाली आहे.

या वयाच्या मुलाला किती वेळा आपले दोन्ही हात लागतात, हे दुसरं बाळ आल्यावर कळतं. शर्टाचं वरचं बटण, बुटाचा पट्टा, शू झाल्यावर अडकलेली चड्डी, कात्री चालवताना ताणून धरायचा कागद. सगळी कामं छोटी, आणि सगळी आत्ताच्या आत्ता. बाळ कडेवर असेल तर एकच हात उरतो, आणि एका हाताने बटण लागत नाही. मग ‘थांब हं, बाळ झोपू दे’ सुरू होतं. आमच्या घरात हे वाक्य इतकं व्हायला लागलं होतं की थोरलीने मागणंच कमी केलं होतं, आणि त्याचं मला फार वाईट वाटायचं. कॅरिअरनंतर ते वाक्य पूर्ण गेलं नाही, पण पुष्कळ कमी झालं. धाकटा छातीवर, आणि मी टेबलापाशी उभा राहून थोरलीबरोबर कोडं जुळवतोय, अशा कितीतरी संध्याकाळी निभावल्या.

बाहेर जाताना फरक आणखी जाणवतो. जिना, गर्दी, रस्ता ओलांडणं, सगळीकडे थोरलीचा हात घट्ट धरता येतो. स्ट्रोलर आम्ही टाकून दिलेला नाही. लांब फेरीला, बाळाला आडवं झोपवायला तोच बरा. पण पायऱ्या आल्या की स्ट्रोलर उचलणार की मुलीला धरणार? एक मात्र लक्षात ठेवा: कॅरिअर घालून पळता येत नाही, पळूही नये. हात सोडून धावणारं मूल असेल तर ‘त्या खांबापर्यंत जा आणि थांब’ हा खेळ आधी बाळाशिवाय पक्का करून घ्या. आम्ही तो घरातल्या घरात भिंतीपासून दारापर्यंत खेळून बसवला.

रडण्याबद्दल दोन अभ्यास सांगण्यासारखे आहेत. 1986 साली हन्झिकर आणि बार या संशोधकांनी ‘पीडियाट्रिक्स’ या नियतकालिकात दाखवलं की ज्या बाळांना रोज नेहमीपेक्षा जास्त वेळ अंगावर घेतलं, ती सहा आठवड्यांची असताना इतरांपेक्षा 43 टक्के कमी रडली. मात्र बार यांच्याच 1991 च्या चाचणीत कॉलिक असलेल्या, म्हणजे उघड कारण नसताना तासन्‌तास रडणाऱ्या बाळांना जास्त वेळ अंगावर घेऊन खास फरक पडला नाही. म्हणून तुमचं बाळ कॅरिअरमध्येही रडत राहिलं तर तुमचं काही चुकतंय असं समजू नका.

आम्हाला सगळ्यात कामाला आलेली गोष्ट जपानमधल्या रिकेन संस्थेच्या 2022 च्या अभ्यासातली आहे. रडणाऱ्या बाळाला घेऊन सुमारे 5 मिनिटं न थांबता चालायचं, ते झोपलं की 5 ते 8 मिनिटं तसंच घेऊन बसायचं आणि मगच खाली ठेवायचं. अभ्यास लहान होता, पण आमच्याकडे ही युक्ती बहुतेक वेळा लागू पडली. चालताना थोरली माझ्या पुढे चालायची, आणि बसण्याची ती मिनिटं तिच्या गोष्टीच्या पुस्तकाची झाली.

आता बसवण्याबद्दल, कारण इथे हयगय चालत नाही. बाळाचे गुडघे ढुंगणापेक्षा वर हवेत आणि मांड्यांना एका गुडघ्यापासून दुसऱ्यापर्यंत कापडाचा आधार हवा. समोरून पाहिलं तर इंग्रजी एम अक्षरासारखी बैठक दिसते. इंटरनॅशनल हिप डिस्प्लेशिया इन्स्टिट्यूटही खुब्याच्या निरोगी वाढीसाठी हीच बैठक सुचवते, विशेषतः पहिल्या सहा महिन्यांत. पाय सरळ खाली लोंबकळत असतील तर कापडी भागाची रुंदी वाढवा.

त्याहून महत्त्वाचा श्वास. बाळाचं तोंड आणि नाक सतत दिसलं पाहिजे, मान वाकवली की त्याच्या डोक्याची पापी घेता आली पाहिजे, हनुवटी आणि छातीमध्ये दोन बोटं मावली पाहिजेत, आणि पाठ घट्ट धरलेली हवी, म्हणजे बाळ आत घसरून गोळा होत नाही. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने 2010 साली झोळीसारख्या स्लिंगबद्दल इशारा दिला, तेव्हा सर्वाधिक काळजी चार महिन्यांच्या आतल्या बाळांची होती. त्या वयात मानेत बळ नसतं. मान पुढे पडून श्वास अडला तर बाळ आवाजही करू शकत नाही. वेळेआधी जन्मलेलं, कमी वजनाचं किंवा सर्दीने नाक बंद झालेलं बाळ असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कॅरिअरमध्ये घालू नका. बाळ अंगावर असताना गॅसपाशी उभं राहायचं नाही, गरम पेय हातात धरायचं नाही, आणि गाडीत कार सीटच्या जागी कॅरिअर कधीच वापरायचं नाही.

बायकोचं सिझेरियन झालं होतं, त्यामुळे डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत तिने ते बांधलंच नाही. नंतरही पट्टा टाक्यांवर येणार नाही इतका वर बांधला. तोवरचा सगळा काळ कॅरिअर माझ्याकडे होतं, आणि धाकट्याशी माझी गट्टी जमली ती त्याच दिवसांत.

त्रासाच्या गोष्टीही आहेत. पहिली म्हणजे जमिनीवर बसता येत नाही. बसलं की कंबरपट्टा वर सरकतो, बाळ हनुवटीला येऊन भिडतं आणि दोघंही वैतागतात. चार वर्षांच्या मुलीचं अर्धं जग जमिनीवर असतं, त्यामुळे ही उणीव खरीच मोठी आहे. आम्ही ठोकळे टेबलावर आणले, पण आगगाडीचे रूळ काही टेबलावर मावत नाहीत. वाकतानाही कमरेतून न वाकता गुडघ्यात वाकावं लागतं, एक हात बाळाच्या डोक्यामागे ठेवून.

दुसरं म्हणजे बकलचा आवाज. झोपलेलं बाळ अलगद काढायचं आणि नेमका तेव्हाच ‘खट्’. बकल मुठीत दाबून उघडलं तर आवाज बराच दबतो. तिसरं, माझ्या आणि बायकोच्या अंगाच्या मापात फरक असल्याने पट्टे दर वेळी सैल-घट्ट करावे लागायचे. मग दोघांच्या मापावर वेगवेगळ्या रंगाचा दोरा शिवून टाकला. उन्हाळ्यात दोघंही घामाघूम होतात. कॅरिअरचं कापड हा बाळाच्या अंगावरचा एक थर धरून कपडे कमी घाला, आणि मानेला मागून हात लावून पाहत राहा. धुतल्यावर कंबरपट्टा वाळायला फार वेळ लागतो, म्हणून खांद्याच्या पट्ट्यांवर लाळेसाठी वेगळे कापडी तुकडे लावलेले बरे. बाळ ते पट्टे सतत चोखतं.

या सगळ्याहून नाजूक भाग थोरलीच्या मनाचा. तिला दिवसभर काय दिसतं? बाळ आईला किंवा बाबाला बांधलेलं. एका संध्याकाळी तिने कॅरिअरचा पट्टा ओढून सरळ सांगितलं, “बाबा, त्याला काढ. आता मी.” तिची मागणी अगदी रास्त होती. हात मोकळे झाले तरी छाती आणि मांडी अडलेलीच असते, आणि या वयाच्या मुलाला मांडीही हवी असते. तेव्हापासून रोजचा काही वेळ कॅरिअर खुंटीला असतं, धाकटा दुसऱ्या कोणाकडे असतो आणि मांडी फक्त तिची असते. आमच्या कॅरिअरवर 20 किलोची मर्यादा लिहिली आहे, त्यामुळे मागे लागली की तिलाही थोडा वेळ पाठीवर घेतो. तिच्या बाहुलीला जुन्या कापडाने तिच्या छातीशी बांधून देतो. माझ्या छातीवर बाळ असलं की त्याचे पाय बरोबर तिच्या डोळ्यांसमोर येतात. चालताना ती ते पाय धरून त्याच्याशी बोलते. बहीण-भावाची ओळख मोठ्या प्रमाणात त्या पायांतून झाली असं मला वाटतं.

बाळ आधाराशिवाय बसायला लागल्यावर पाठीवर घ्यायला सुरुवात केली. शिकताना शेजारी दुसरं मोठं माणूस हवंच, आणि पहिले प्रयत्न पलंगापाशी करावेत. पाठीवर घेतल्यावर समोरचा भाग मोकळा होतो, थोरलीला मिठी मारता येते. तोंड बाहेरच्या बाजूला करून बसवणं आम्ही मान पक्की झाल्यावर, थोड्या वेळापुरतंच केलं. बाळ पेंगायला लागलं की लगेच आत वळवायचो.

ज्यांच्या घरी एकच बाळ आहे आणि उचलायला चार माणसं आहेत, त्यांना हे घ्याच असं मी म्हणणार नाही. पाठीचं किंवा गुडघ्याचं दुखणं असेल तर आधी कोणाचं तरी मागून घालून बघा. वापरलेलं घ्यायलाही हरकत नाही, पण शिवण ओढून पाहा, बकलला बारीक तडा नाही ना ते उजेडात तपासा, आणि वजनाची मर्यादा आणि युरोपच्या ईएन 13209-2 किंवा अमेरिकेच्या एएसटीएम एफ2236 या कॅरिअरच्या सुरक्षा मानकाचा उल्लेख लेबलवर आहे का ते वाचा. लेबल फाटलेलं असेल आणि माहितीपत्रकही मिळत नसेल, तर कितीही नवं दिसत असलं तरी घेऊ नका.