मायएसक्यूएल वर्कबेंच: ३०० टेबलांचा गुंता सोडवायला बरं पडतंय

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीचं जुनं सॉफ्टवेअर आमच्या गळ्यात पडलंय, डेटाबेसमधली टेबलं ३०० च्या वर, लिहून ठेवलेलं काय नाही आणि ज्यानं केलं तो पोरगा कधीच पुण्याला गेला. त्यासाठी मायएसक्यूएल वर्कबेंच (मायएसक्यूएल डेटाबेसची रचना चित्रात दाखवणारं टूल) वापरतोय, कम्युनिटी एडिशन फुकट आहे. डेटाबेस मेनूतनं रिव्हर्स इंजिनिअर मारलं की चालू डेटाबेसवरनं टेबलं मॉडेलमध्ये, म्हणजे त्याच्या आराखड्यात, येतात. पण सगळी एकाच डायग्रामवर टाकू नका हं, ऑटोलेआउट करूनबी शेवयांचं ताट सांडल्यासारखं दिसतंय.

खरी गंमत म्हणजे एका मॉडेलमध्ये पाहिजे तेवढे डायग्राम करता येतात. परचेसचा वेगळा, मोल्डिंगचा वेगळा, डिस्पॅचचा वेगळा, आणि आयटम मास्टर (मालाच्या मुख्य यादीचं टेबल) तिन्हीकडं ठेवला तरी मॉडेलमध्ये टेबल एकच, कॉलम एकीकडं बदलला की तिन्हीकडं बदलतोय. नुसत्या ड्रॉइंगच्या टूलमध्ये हे तीनदा करत बसावं लागतं. वर रंगीत लेयर (टेबलांच्या गटामागचे रंगीत चौकोन) टाकायचे, मग मीटिंगमध्ये स्टोअरचे आण्णा कन्नडमध्ये विचारू देत नाहीतर अकाउंटच्या मॅडम मराठीत, चित्रावर बोट ठेवून सांगता येतंय.

एक सांभाळा, डायग्रामवरनं टेबल काढायचं तर राइट क्लिक करून रिमूव्ह फिगर घ्या, डिलीट केलं तर मॉडेलमधनंच जायची भीती.

आणि रिव्हर्स केल्यावर टेबलं आली पण त्यांचं नातं दाखवणाऱ्या मधल्या रेघाच नाहीत असं झालं तर टूलला शिव्या घालू नका. जुनी टेबलं बहुतेक मायआयसॅम ह्या मायएसक्यूएलच्या जुन्या स्टोरेज इंजिनची असतात, ते इंजिन फॉरेन की (एका टेबलाचं दुसऱ्याशी नातं) ठेवतच नाही, मायएसक्यूएलचं ५.५ व्हर्जन २०१० मध्ये आलं तेव्हा कुठं ते नातं ठेवणारं इनोडीबी इंजिन डिफॉल्ट झालं. मग नातं कोडमध्ये शोधायचं आणि मॉडेलमध्ये हातानं जोडायचं, काम लई किचकट हाय पण एकदा केलं की नवीन पोराला आठवडाभर समजवायला नको. फक्त असलं मॉडेल चालू डेटाबेसला सिंक्रोनाइज करू नका, नाहीतर ते खरोखरच बदल करायला जाईल.

डायग्रामची पीडीएफ, एसव्हीजी (चित्राची फाइल) दोन्ही निघतात, भिंतीवर लावायला मोठा प्रिंट काढायचा तर पीडीएफ द्या. पोस्टग्रेस हा दुसरा डेटाबेस वापरणाऱ्यांना ह्याचा उपयोग नाही, त्यांनी डीबीव्हर हे असलंच टूल बघावं, त्याचीबी कम्युनिटी एडिशन फुकटच आहे.