खुंट राखावेत, झाडओळी लावाव्यात की जमीन शेवरीखाली सोडावी?

कस गेलेल्या शेतात झाडं आणायची म्हटलं की आधी रोपवाटिका आठवते. रोपांचा हिशेब मात्र सगळ्यात शेवटी यावा. आधी शेत पायी फिरून दोन गोष्टी पाहायच्या: मातीत जिवंत खुंट शिल्लक आहेत का, आणि पावसाचं पाणी कुठून कुठे, किती जोराने वाहतं. थोडी जमीन असलेल्याला तिसरा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे: झाडं उपयोगी पडेपर्यंत घरात धान्य कुठून येणार?

मार्ग मुख्यतः तीन आहेत. जुने खुंट राखून वाढवणं, उतारावर समपातळीत दाट झाडओळी लावणं, आणि जमिनीचा एक तुकडा दोन वर्षं शेवरीसारख्या, हवेतलं नत्र धरणाऱ्या झुडपांखाली सोडणं. तिन्ही चांगले आहेत, पण चुकीच्या जागी तिन्ही फसतात.

खुंट असतील तर आधी तेच

कोरड्या प्रदेशातल्या उजाड शेतातही, दरवर्षी कापले जाऊनसुद्धा, खुंट तग धरून असतात. वर वीतभर झुडूप दिसतं, खाली मात्र जुन्या झाडाची खोल मुळं शाबूत असतात. म्हणून त्यांचे धुमारे पहिल्याच पावसात झपाट्याने वाढतात. नव्या रोपाला तिथवर यायला काही वर्षं लागतात. पश्चिम आफ्रिकेतल्या नायजरमधल्या मराडी भागात ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ टोनी रिनॉडो यांनी १९८० च्या दशकात हेच हेरलं. त्याआधी तिथे लावलेली बहुतेक रोपं मरत होती. पुढे त्या देशात सुमारे ५० लाख हेक्टर शेतजमिनीवर झाडं परतली, आणि त्यातली बहुतेक लावलेली नव्हे, राखलेली होती.

काम सोपं आहे. हेक्टरी किमान ४० खुंट निवडायचे. प्रत्येकावर सरळ, जोमदार असे ३ ते ५ धुमारे ठेवून बाकीचे बुडातून छाटायचे. ठेवलेल्या धुमाऱ्यांच्या बाजूच्या फांद्या निम्म्या उंचीपर्यंतच काढायच्या. त्याहून वर गेलं तर शेंडा जड होतो आणि वाऱ्यात खोड वाकतं. कोयता धारदार हवा आणि घाव खालून वर द्यायचा. वरून खाली मारलेल्या घावाने साल सोलली जाते, तिथून कीड आणि कुज शिरते. पहिल्या वर्षी दर दोन-तीन महिन्यांनी नवे फुटवे काढत राहावं. दुसऱ्या वर्षापासून दरसाल एक खोड सरपणाला काढायचं आणि त्याच्या जागी एक नवा धुमारा धरायचा.

मर्यादाही स्पष्ट आहेत. जात आपल्याला निवडता येत नाही, जमिनीत जे आहे तेच मिळतं. वर्षानुवर्षं ट्रॅक्टरने खोल नांगरलेल्या शेतात खुंट उरलेलेच नसतात, तिथे हा मार्ग बंद. सर्वांत मोठा धोका मोकाट जनावरांचा आणि वणव्याचा असतो. एकट्याने धुमारे राखले आणि शेजारच्या शेळ्या सुटल्या तर महिन्याभरात काही उरत नाही, म्हणून शेजाऱ्यांशी चराईचा करार हा छाटणीइतकाच या पद्धतीचा भाग आहे.

उतारावर माती वाहत असेल तर

इथे खुंट पुरेसे नाहीत, कारण माती थांबवायला सलग अडथळा लागतो. फिलिपीन्समधल्या मिंडानाओ बेटावर १९७० च्या दशकात रुळलेली पद्धत अशी: समपातळी रेषेवर अर्ध्या मीटरच्या अंतराने दोन ओळींत नत्र धरणाऱ्या झाडांचं बी दाट पेरायचं, आणि दोन पट्ट्यांमध्ये पिकं घ्यायची. पट्ट्यांमधलं अंतर उतारावर ठरतं. वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत जमीन एक मीटर उतरली की नवा पट्टा, पण कोणत्याही परिस्थितीत पाच मीटरपेक्षा लांब नाही. म्हणजे २० टक्के उतारावर दर पाच मीटरला, ४० टक्के उतारावर दर अडीच मीटरला.

रेषा डोळ्याने आखू नये. सारख्या लांबीच्या दोन काठ्या वर बांधून, मध्ये आडवी पट्टी ठोकून, वरून दगड बांधलेली दोरी सोडली की चौकट तयार. ती जमिनीवर ठेवून दोरी पट्टीला जिथे टेकते तिथे खूण करायची. मग दोन्ही पायांची जागा अदलाबदल करून दुसरी खूण. दोरी या दोन्ही खुणांच्या मध्यावर थांबली की दोन्ही पाय समपातळीत. हे करायला आळस झाला आणि ओळ थोडी तिरकी गेली, तर पाणी ओळीच्या कडेने एका टोकाला जमतं आणि तिथे घळ पडते. आधी नव्हती ती धूप आपणच तयार करतो.

ओळीसाठी गिरिपुष्पाच्या (ग्लिरिसिडिया) काड्या लावणं झटपट होतं, पण काडीची मुळं वरवर पसरतात आणि पिकाच्याच थरातलं पाणी ओढतात. बियांपासून वाढवलेलं झाड खोल जातं, तेव्हा शक्य तिथे बीच वापरावं. सुबाभळीचं बी कठीण असतं. सुमारे ८० अंश सेल्सिअस पाण्यात तीन-चार मिनिटं ठेवून नंतर रात्रभर साध्या पाण्यात भिजवलं तर उगवण नीट होते. मात्र केवळ सुबाभळीवर विसंबू नये. १९८० च्या दशकात रस शोषणाऱ्या सिलिड किडीने आशिया-पॅसिफिकमध्ये तिच्या ओळीच्या ओळी झोपवल्या. शिवाय शेंगा पिकू दिल्या तर ती तण म्हणून पसरते.

आता खरी किंमत. दर पाच मीटरला एक मीटर रुंद पट्टा म्हणजे हेक्टरी दोन हजार मीटर ओळ, आणि २० टक्के जमीन पिकाबाहेर. ही ओळ हंगामात तीन-चार वेळा गुडघा ते कंबरेच्या दरम्यान कापावी लागते, तीही नेमकी खुरपणीच्या घाईत. कापणी चुकली की सावली आणि मुळं दोन्ही पिकावर येतात. नायजेरियातल्या इबादानच्या संशोधन केंद्रात ही पद्धत उत्तम दिसली, शेतकऱ्यांनी मात्र पुष्कळ ठिकाणी सोडून दिली. त्यामागे मुख्यतः हीच मजुरी होती, आणि कोरड्या भागात पाण्याची ओढाताण. सपाट, कमी पावसाच्या शेतात झाडओळींचा आग्रह धरू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. तीव्र उतारावर मात्र याला तोड नाही.

सपाट, पण कस संपलेली जमीन

इथे शेवरीची दोन वर्षांची विश्रांती बघावी. सहा ते आठ आठवड्यांची रोपं १ × १ मीटरवर, म्हणजे हेक्टरी १०,०००. दोन वर्षांनी खोडं जमिनीलगत कापायची, मुळं तशीच ठेवायची, पाला मातीत मिसळायचा आणि काटक्या सरपणाला. पूर्व झांबियात मक्यासाठी हे चांगलं रुजलं. त्यानंतर दोन-तीन हंगाम पीक सुधारतं आणि टारफुला, म्हणजे पिकाच्या मुळांवर जगणारं तणही कमी होतं.

अडचण सरळ आहे: त्या तुकड्यावर दोन वर्षं पूर्ण पीक मिळत नाही. म्हणून एका वेळी जमिनीच्या पाव भागापेक्षा जास्त अडकवू नये. पहिल्या वर्षी रोपांच्या ओळींत मका घेता येतो. शेवरी बुडातून कापल्यावर नीट फुटत नाही, दर फेरीला नवी रोपं लागतात. गिरिपुष्प फुटतं, म्हणून पुन्हा लावायचे कष्ट टाळायचे असतील तर ते बरं. शेवरीवर मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी पोसले जातात, तेव्हा तिच्या पाठोपाठ टोमॅटो किंवा तंबाखू घेऊ नये.

वर्षाला एवढीही जमीन मोकळी ठेवता येत नसेल, तर तुरीचं मिश्रपीक घ्यावं. सुधारणा हळू होते, पण डाळ हातात येते.

पाल्याचा हिशेब

गिरिपुष्पाच्या एक टन सुक्या पाल्यात ३० ते ४० किलो नत्र असतं. हा पाला म्हणजे साधारण चार टन हिरवा भार, तो कापून पसरायला किती हात लागतील ते आधीच मोजावं. स्फुरद (फॉस्फरस) मात्र त्यात जेमतेम दोन किलो असतं, आणि झाड ते हवेतून आणत नाही. ज्या जमिनीत स्फुरदच कमी आहे तिथे पाला कितीही घातला तरी पीक पिवळं नव्हे, पण खुजं राहतं. अशा वेळी शेणखत किंवा स्फुरदयुक्त खताची थोडी मात्रा प्रत्येक ठोंब्याजवळ देणं हाच उपाय.

निवड करताना

खुंट आहेत आणि पाऊस कमी आहे, तर खुंट. माती डोळ्यांदेखत वाहते आहे, तर झाडओळी, मजुरी भारी पडली तरी. सपाट, पुरेशा पावसाची जमीन आणि थोडी मोकळीक असेल तर शेवरी. उतारावर खुंटही असतील तर त्यांना ओळीत सामावून घ्यावं, उपटू नये. जमीन कसायला घेतलेली असेल तर करार किती वर्षांचा आणि झाड कोणाचं हे आधी लिहून घ्यावं. दोन वर्षांच्या आतच जमीन सोडावी लागणार असेल, तर या तिन्हींपेक्षा तूर बरी.