मान धरली आहे: खर्च खुर्चीवर करावा, स्टँडवर की व्यायामावर?

दिवसभर लॅपटॉप आणि रात्री मोबाइल, असं काही महिने चाललं की मान आखडते, खांद्यात गोळे येतात. मग दोनच खरेद्या डोळ्यांसमोर येतात: महागडी खुर्ची, नाहीतर औषधाच्या दुकानातला मानेचा पट्टा. माझ्या मते या दोन्ही वस्तू यादीत सर्वांत शेवटी याव्यात.

खुर्ची की लॅपटॉप उंचावर ठेवायचा स्टँड, असा प्रश्न असेल तर स्टँड घ्या. लॅपटॉपचा पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असतात, अडचण तिथेच आहे. हात नीट टेकवले तर नजर खाली जाते. पडदा वर उचलला तर खांदे चढतात. कितीही भारी खुर्ची आणली तरी हा पेच सुटत नाही. स्टँड, वेगळा कीबोर्ड आणि माउस हे सगळं मिळून दोन-अडीच हजारांत बसतं. स्टँडऐवजी जाड पुस्तकांची चळतही चालेल, पण वेगळा कीबोर्ड हवाच. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली असू द्या. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर पडदा आणखी खाली घ्या. काचेच्या खालच्या भागातून वाचताना हनुवटी नकळत वर जाते आणि मान मागच्या बाजूने भरून येते. पाय जमिनीला टेकत नसतील तर पायाखाली पाट घ्या. सध्याच्या खुर्चीत पाठीला आधारच मिळत नसेल, तरच नवीन खुर्चीचा विचार करा.

पण स्टँड आणि व्यायाम यांतलं एकच निवडायचं असेल, तर मी व्यायाम निवडेन. मान ६० अंश झुकवली की मणक्यांवर सुमारे २७ किलोचा भार येतो, हा आकडा सगळीकडे फिरतो. तो २०१४ मध्ये संगणकावरच्या गणिती प्रतिकृतीतून काढलेला अंदाज आहे; माणसांचं दुखणं त्यात मोजलेलं नाही. मान किती वाकते, यापेक्षा ती तासन्‌तास एकाच जागी धरून ठेवली जाते, हे मला जास्त गंभीर वाटतं. डेन्मार्कमध्ये वारंवार मान-खांदे दुखणाऱ्या १९८ जणांवर झालेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. व्यायामाचा लांब रबर बँड धरून हात बाजूने वर उचलायचे, आठवड्यातून पाच दिवस, दहा आठवडे. काहींनी रोज २ मिनिटं केलं, काहींनी १२ मिनिटं. व्यायाम न करणाऱ्यांच्या तुलनेत दोन्ही गटांचं दुखणं कमी झालं. दोन मिनिटं! असा बँड काहीशे रुपयांत मिळतो.

फिजिओथेरपिस्टकडे जावं की घरीच करावं? एक-दोनदा जाऊन व्यायाम नीट शिकून घ्या, तेवढा खर्च सार्थकी लागतो. नुसता शेक आणि करंट देऊन घरी पाठवत असतील तर व्यायाम आवर्जून मागा. रोज करण्यासारखं तेच आहे.

पट्ट्याने सुरुवातीला बरं वाटतं, पण तो आठवडेच्या आठवडे बांधला तर मानेचे स्नायू दुबळे होतात. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तो नको. बाम, गरम पाण्याची पिशवी, बेताच्या उंचीची उशी यांनी आराम मिळतो, जरूर वापरा. सलूनमध्ये मान कडकन मोडून घेणं मात्र बंद करा. त्या झटक्याने मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमनीला इजा होऊ शकते. असं क्वचितच होतं, पण झालं तर अर्धांगवायूपर्यंत जाऊ शकतं.

हाताला मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल, पकड सैल पडत असेल, चालताना तोल जात असेल, ताप असेल किंवा पडल्या-आपटल्यानंतर दुखणं सुरू झालं असेल, तर वरचं काहीही न करता आधी डॉक्टरांना दाखवा.

मोबाइलसाठी काहीच विकत घ्यायची गरज नाही. कोपर पोटाशी टेकवून फोन छातीच्या वर धरा, लांबलचक मेसेज बोलून पाठवा, आणि सिनेमा-मालिका टीव्हीवर बघा. लोकलमध्ये उभ्याने दांडा धरून एका हाताने फोन बघत असाल, तर दर स्टेशनला मान वर करून दोन्हीकडे वळवा.