जळगावात कपाळाच्या आठ्यांसाठी बोटॉक्स केलं, माझा अनुभव
भुसावळहून मुद्दाम जळगावला गेले, स्किनच्या डॉक्टर मॅडमकडे. आमच्याकडचं ऊन तुम्हाला माहितीये, वर्षानुवर्षं डोळे बारीक करून शेतात वावरल्यावर दोन भुवयांच्या मधे आठ्या पडल्या होत्या त्या रागावल्यासारख्याच दिसायच्या. मॅडमनी आधी अर्धा तास नीट बोलून घेतलं, कुठली औषधं चालू आहेत, दिवस गेलेत का, सगळं विचारलं, मग समजावलं की बोटॉक्सच्या इंजेक्शनने स्नायू तात्पुरता सैल पडतो, फिलरसारखं (म्हणजे सुरकुती आतून भरून काढणारं इंजेक्शन) भरत नाही, आणि इफेक्ट 3-4 महिनेच टिकतो. हे मला फार आवडलं, कारण आधी एका पार्लरमधे "कायमचं जाईल" असं सांगून पैसे मागितले होते आणि तिथे डॉक्टरच नव्हता!! असल्या ठिकाणी कृपा करून जाऊ नका.

बाटली माझ्यासमोर फोडली, 20 युनिट, पाच ठिकाणी बारीक सुई. मुंगी चावल्यासारखं, बस. चार तास आडवं व्हायचं नाही, चोळायचं नाही. चौथ्या दिवशी फरक जाणवायला लागला आणि दोन आठवड्यांनी मस्त, हसले तरी चेहरा माझाच वाटतो. पहिले दोन दिवस डोकं जरा दुखलं. पापणी खाली उतरू शकते हेही त्यांनी आधीच सांगितलेलं, मला तसं काही झालं नाही. वेटिंग मात्र खूप, अपॉइंटमेंट असून दीड तास बसले.