समुद्र आणि रान एकाच सुट्टीत: मालवण-आंबोली की काणकोण?

आधीच सांगून टाकतो: माझी सासुरवाडी कुडाळची, म्हणजे मालवणच्या शेजारची. या लेखात मी भलत्या बाजूला झुकलो तर त्याचा हिशेब मला गणपतीत द्यावा लागतो. तरी प्रयत्न करतो.

प्रश्न नेहमीचाच आहे. हातात पाच-सहा दिवस, घरातल्या निम्म्यांना समुद्र हवा, निम्म्यांना रान. पुण्या-मुंबईहून निघणाऱ्याला दोन्ही एकाच फेरीत बसवायचं तर माझ्या मते दोन पट्टे विचारात घेण्यासारखे आहेत. एक सिंधुदुर्गाचा: खाली मालवण, तारकर्ली, देवबाग आणि वर घाटमाथ्यावर आंबोली. दुसरा गोव्याच्या अगदी दक्षिण टोकाचा, काणकोण: पाळोळे, पाटणे, आगोंद हे किनारे आणि पाठीशी खोतीगावचं अभयारण्य. गोवा म्हटल्यावर डोळ्यांपुढे कळंगुट-बागा येत असेल तर ते तेवढं पुसून टाका. काणकोण तिथून गाडीने दोन तासांहून लांब आहे आणि स्वभावाने त्याहून लांब.

आम्ही दोन्ही केलं. एका वर्षी सप्टेंबरच्या शेवटी मालवण-आंबोली, पुढच्या वर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात काणकोण. माणसं तीच: मी, बायको, सत्तरी ओलांडलेली आई आणि पहिल्या खेपेला चौथीत असलेला मुलगा.

कागदावर सिंधुदुर्ग सहज जिंकतो, यात वाद नको. १६६४ साली कुरटे बेटावर महाराजांनी बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग किल्ला, भर समुद्रात गोड पाण्याच्या विहिरी (दूधबाव, साखरबाव, दहीबाव), चुन्यात उमटलेले, महाराजांचे मानले जाणारे हातापायाचे ठसे. आई त्या ठशांपुढे जेवढा वेळ उभी राहिली तेवढा वेळ ती पंढरपुरातही उभी राहिलेली मला आठवत नाही. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे होडीतून फिरण्यात एक अख्खी दुपार गेली. आणि आंबोलीबद्दल तर काय बोलावं! वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. हिरण्यकेशीच्या उगमापाशी मंदिराचं कुंड आहे, त्यात सापडलेला मासा २०२० मध्ये नवी जात म्हणून जगापुढे आला. नदीचंच नाव त्याला मिळालं, श्किस्टुरा हिरण्यकेशी, आणि पुढच्याच वर्षी ती जागा राज्य सरकारने जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. आंबोलीची गंमत अशी की हवा स्वच्छ असेल तर कड्यावरून अरबी समुद्र दिसतो, पण हिरण्यकेशी त्याच्याकडे पाठ फिरवून घटप्रभेला मिळते, तिथून कृष्णेत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. मुलाला हे सांगितल्यावर त्याने फक्त "का?" विचारलं. उतार तिकडे आहे म्हणून, एवढंच मला सांगता आलं.

आता अडचण. समुद्र आणि आंबोली यांचं वेळापत्रक जुळत नाही. किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले खेळ पावसाळ्यात बंद असतात, साधारण २६ मे ते ३१ ऑगस्ट. आणि बेडूक, साप, फेसाची घरटी, ज्यासाठी लोक रात्री विजेऱ्या घेऊन आंबोलीत हिंडतात, ते सगळं ऐन पावसातलं. म्हणजे आंबोली खरी आंबोली असते तेव्हा मालवणच्या होड्या वाळूत उपड्या पडलेल्या. आणि पाणी नितळ होऊन स्कुबाला तळाचं काही दिसायला लागतं तोवर आंबोलीचे धबधबे सुतासारखे झालेले. दोन्ही थोडं थोडं मिळायचं तर सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबरचा मध्य, एवढीच फट उरते. आम्ही ती फट नेमकी साधली. मी स्वतःवर फार खूश होतो.

दुसरी गोष्ट अंतराची. मालवणहून आंबोली म्हणजे कुडाळ, सावंतवाडी करत ऐंशीच्या घरात किलोमीटर, त्यातले शेवटचे घाटाचे. एका दिवसात जाऊन येता येतं, बरेच जण तसंच करतात, मुख्य धबधब्यावर कणीस खातात आणि उतरतात. पण आंबोलीचं रान दुपारी बघायचं नसतंच. ते रात्री आठनंतर आणि पहाटे. स्थानिक वाटाड्याबरोबर आम्ही रात्री निघालो तेव्हा त्याने आधीच सांगितलं की तुम्ही जरा उशिरा आलात, बेडकांचा भर ओसरलाय. तरी पानावर बसलेला हिरवागार मलबारी उडता बेडूक दिसला आणि हाताच्या अंतरावर फांदीला वेटोळं घालून बसलेला चापडा हा विषारी साप. मुलगा ते अजून सांगत असतो. यासाठी वर मुक्काम हवाच. म्हणून तीन रात्री खाली, दोन रात्री वर. म्हणजे मध्येच बिऱ्हाड हलवायचं.

आणि इथेच माझा सगळा आनंद भिजला, अगदी शब्दशः.

मालवण सोडायच्या सकाळी, प्रत्येक घरात होतं तसं, "एकदाच शेवटचं पाण्यात जाऊ" झालं. मी नको म्हणत होतो. पोराचं तोंड बघून मीच आधी गेलो. मग चार जणांचे ओले कपडे, दोन टॉवेल, एक टोपी (का भिजली, देव जाणे) हे सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलं आणि गाडीत टाकलं. वर गेल्यावर वाळत घालू, असा साधा हिशेब. आंबोलीला खोली चांगली होती, पण खिडकी उघडली की धुकं पाहुण्यासारखं आत यायचं आणि बंद केली की भिंतींना घाम. गजापासून कपाटाच्या मुठीपर्यंत दोरी बांधली. पंखा पाचावर. सकाळी उठून पाहिलं तर कपडे काल होते त्याहून ओले! समुद्राचं मीठ कपड्यात राहिलं की ते हवेतलं पाणी ओढत राहतं, हे शाळेत शिकलो होतो, उपयोगी पडायची वेळ तेव्हा आली. गोड्या पाण्यात पिळून पुन्हा घातले. मग कोरडे होते तेही दमट झाले. उशा दमट, काडेपेटी दमट, आईच्या औषधांच्या वेष्टनाचा कागद दमट. दोन दिवस आम्ही चौघं त्या दोरीखालून वाकून ये-जा करत होतो, आणि माझं अर्ध लक्ष रानात, अर्ध दोरीवर.

परतीच्या वाटेवर कुडाळला थांबलो. सासूबाईंनी मदत म्हणून ती पिशवी उघडली, तोंड फिरवलं आणि लेकीला विचारलं, "गो, ह्या पिशयेत सुके बांगडे आसत काय?" त्या टोपीचा वास अजून गेलेला नाही.

हसू नका. सुट्टी कशी गेली हे मी हल्ली एकाच गोष्टीवर ठरवतो: बॅग किती वेळा भरावी लागली. काणकोणला ती एकदाच भरली, निघताना.

तिथे पाटण्याला आम्ही वाळूला लागून असलेली लाकडी झोपडी पाच रात्री घेतली. या झोपड्या पावसाळ्याआधी मोडून ठेवाव्या लागतात आणि दिवाळीच्या आगेमागे पुन्हा उभ्या राहतात, त्यामुळे नोव्हेंबरच्या मध्यानंतर जाणं बरं. आधी गेलात तर ठोकाठोकी ऐकावी लागेल. झोपडीपुढे माडाला दोरी बांधलेलीच होती. सकाळी साडेसहाला चहा घेऊन निघायचं, हमरस्त्याला लागून कारवारच्या दिशेने जायचं, डावीकडे वळलं की खोतीगावचं फाटक. अंतर दहा-बारा किलोमीटर. अकरापर्यंत रानात, जेवायला परत, दुपारी झोप, चारला समुद्र. दुसऱ्या दिवशी तेच, किंवा रान नको वाटलं तर नाही. आई एक दिवस आलीच नाही, व्हरांड्यात बसून राहिली. मालवण-आंबोलीत तिला हा पर्याय नव्हता. गाडी हलली की तिनेही हलायचं.

आता खोतीगाव म्हणजे आंबोली नव्हे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. ८६ चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य बरंचसं पानगळीचं, सदाहरित झाडी ओढ्यांच्या काठाने आणि तुकड्या-तुकड्यांनी. आत वेळीप आणि कुणबी समाजाची गावं आहेत, मधूनच भाताची खाचरं येतात. रात्री फिरायची सोय नाही. आम्हाला शेकरू दोनदा दिसलं, धनेशाच्या पंखांचा आवाज एकदा आला, बाकी पायवाट, ओढा आणि शांतता. गव्याच्या आशेने जाणाऱ्याने आशा घरी ठेवावी. आईला मात्र नावांच्या पाट्या लावलेली झाडं फार आवडली; किंदळ, जांभा वाचत ती आमच्या पुढे चालत होती. थोडं अधिक हवं असेल तर नेत्रावळीचा दिवस काढा, तिथल्या गोपीनाथाच्या देवळापुढच्या तळीत तळापासून बुडबुडे येत राहतात. टाळ्या वाजवल्या की जास्त येतात म्हणतात. आम्ही वाजवल्या. मला फरक कळला नाही, मुलाला कळला.

किनाऱ्यांत निवड करताना एक जपा. पाळोळ्याचा चंद्रकोरीसारखा किनारा उथळ आणि संथ, लहान मुलांना तोच बरा, पण गर्दीही तिथेच. आगोंद लांबलचक, देखणं, पण पाण्याला ओढ आहे. आम्ही तिथे फक्त चाललो. पाटणे स्वभावाने दोन्हींच्या मधलं. आगोंद आणि गालजीबागला कासवं अंडी घालायला येतात, त्यामुळे कुंपण घातलेला भाग दिसला तर पोरांना लांब ठेवा.

तक्रारी तिथेही आहेत. झोपडीच्या भिंती फळीच्या, शेजाऱ्याचं घोरणं आपलंच वाटतं. वाळू अंथरुणात येते ती येतेच. रेल्वेने गेलात तर काणकोण स्टेशनवर थोड्याच गाड्या थांबतात, बहुतेकांना मडगावला उतरून करमल घाटातून पुढे यावं लागतं, आणि टॅक्सीचा दर ऐकून पहिल्यांदा आपण चुकीचं ऐकलं असं वाटतं. स्वतःची गाडी असेल तर हा प्रश्न नाही. नसेल तर कदंबची, म्हणजे गोव्याची सरकारी बस आणि तिथे भाड्याची स्कूटर. नाताळच्या आठवड्यात जाऊ नका, एवढंच म्हणतो.

आणि जेवण. इथे मी सासुरवाडीपुढे साष्टांग नमस्कार घालतो. देवबागच्या घरगुती खानावळीत मिळालेली सुरमई, तिखलं, सोलकढीचा तिसरा पेला, त्याच्या जवळपास जाणारं पाटण्याला काहीही नाही. किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये पाच प्रकारचे पॅनकेक आणि एकही धड आमटी नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही शहाणे झालो आणि जेवायला चावडीच्या, म्हणजे काणकोणच्या मुख्य गावाच्या बाजारात जायला लागलो. छोटी हॉटेलं, स्टीलचं ताट, शीत-कडी (भात आणि माशाची आमटी), तिसऱ्या म्हणजे शिंपल्या, रव्यात तळलेला मोडसो मासा. तिरफळाचा वास आला आणि बायको गप्प झाली, म्हणजे पास. तरी ते मालवण नाही. पोटासाठीच सुट्टी काढत असाल तर हा लेख इथेच सोडा आणि मालवणची खोली बघा.

बेडूक-साप, कॅमेरा, पाऊस हेच वेड असेल तर समुद्र विसरून जुलैत चार दिवस नुसती आंबोली करावी. त्याला काणकोणात तोड नाही. किल्ला बघायचाच असेल तर मालवणलाही. आणि सिंधुदुर्गच करायचं पण बिऱ्हाड हलवायचं नाही, असं ठरलं तर मालवणऐवजी वेंगुर्ल्याला राहून बघा. तिथून आंबोली पंचावन्न-साठ किलोमीटर, शिरोड्याचं वेळागर आणि रेडीचा गणपती हाताशी. आमच्या मेव्हण्याचं म्हणणं हेच आहे की मी मुक्काम चुकीचा निवडला आणि खापर जिल्ह्यावर फोडतोय. असेलही. पण रात्री दहाला बेडूक बघून घाटाने साठ किलोमीटर खाली यायचं, मागे झोपलेलं पोर आणि पुढे जागी आई, हे मला जमेलसं वाटत नाही.

म्हाताऱ्या माणसाला आणि लहान मुलाला बरोबर घेऊन, समुद्र आणि रान दोन्ही, पाच दिवसांत, कुणाचीही चिडचिड न होता हवं असेल, तर मी आपला काणकोणकडे थोडासा कललेला आहे. थोडासाच. कुठेही गेलात तरी दहा हात नायलॉनची दोरी आणि डझनभर चिमटे बरोबर न्या. आणि येत्या डिसेंबरचं आमचं आरक्षण कुठलं आहे ते कुडाळला अजून कळवलेलं नाही, तेव्हा हे तुमच्या-माझ्यातच राहू द्या.