गंठणातले काळे मणी सोन्याच्या भावाने विकले, माझे 56,851 रुपये गेले

हे लिहायची लाज वाटते. एसटीच्या वर्कशॉपमध्ये 28 वर्षं नोकरी केली, आयुष्यात कुणाचा एक नट घरी आणला नाही. आणि मुलीच्या लग्नाच्या गंठणात मला आमच्याच पेठेतल्या सराफाने बुडवलं. आईच्या बांगड्याही त्याच्याच बापाने घडवलेल्या, म्हणजे ओळख दोन पिढ्यांची.

10 नोव्हेंबर 2023, धनत्रयोदशी. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. आईच्या दोन पाटल्या मोडीत दिल्या. घरी वजन करून नेल्या होत्या, भरल्या 24 ग्रॅम. आतल्या खोलीत नेऊन आणल्यावर त्याने 20.400 धरल्या. "काका, जुन्या मालात डाग म्हणजे जोडाचा टाका असतो, घट येतेच." घट येते, मलाही ठाऊक आहे. पण शेकडा 15? शुद्धता मशिनवर तपासून आकडा दाखव, एवढंही मी म्हणालो नाही. पाटल्या कधीही नजरेआड जाऊ देऊ नका.

मग गंठण काट्यावर ठेवलं. आकडा आला 31.250. भाव 5,600, म्हणजे 1,75,000. मजुरी 12 टक्के, 21,000. एकूण 1,96,000. पाटल्यांचे 1,14,240 वजा जाता मी रोख 81,760 मोजले.

याच वेळी बायकोने विचारलं, "यात काळे मणी पण धरलेत का हो?"

तिने स्पष्ट विचारलं होतं. सराफाने कॅल्क्युलेटरवरून मान वर केली नाही. आणि मीच तिला गप्प केलं, "अगं, घरचा माणूस आहे, लोक खोळंबलेत." ते वाक्य आजही झोपू देत नाही. उत्तर एका शब्दाचं होतं, त्याला ते द्यावं लागलं असतं. मीच त्याची सुटका केली.

दुसरी चूक मोठी. तो म्हणाला, "पक्कं बिल केलं तर 3 टक्के जीएसटी लागेल, 5,880 वाढतील. उगाच कशाला?" मी हो म्हणालो. मी करचोर नाही. लग्नाचा हॉल, जेवणावळ, आहेर, सगळं पेन्शनीतून आणि फंडातून उभं करत होतो, 5,880 रुपये माझ्यासाठी थोडे नव्हते. कुणीही बाप हेच करेल. पण हातात राहिली ती दुकानाचं नावही नसलेली चिठ्ठी, पेन्सिलीने लिहिलेली. निव्वळ वजनाचा रकानाच तिच्यात नाही.

ऑगस्ट 2025 मध्ये गंठणाचा दोरा तुटला. ओवायला शहरात दुसऱ्याकडे दिलं. त्या मुलाने दोरा कापला, काचेचे काळे मणी स्टीलच्या वाटीत पाडले, वाटीचं वजन शून्य करून काटा दाखवला: 5.850. "काका, सोनं 25.400 च आहे." मी दोनदा मोजायला लावलं. काच सोन्याच्या भावाने, वर त्या काचेवरही 12 टक्के मजुरी. 36,691 रुपये नुसत्या मण्यांचे. पाटल्यांचे 20,160 धरले तर 56,851.

सराफाकडे गेलो. चिठ्ठी उलटी-पालटी करून म्हणाला, "ही आमची नाहीच." गिऱ्हाइकांसमोर. दोन पिढ्यांची ओळख तिथेच संपली.

पोलीस ठाण्यात हवालदार म्हणाले, हा दिवाणी मामला, बिल आणा. वजनमापवाल्यांकडे गेलो, म्हणाले काटा बरोबर आहे, शिक्का आहे, 31.250 वजन खरंच भरत होतं, मणी धरले हा तुमच्यातला हिशोब. अहो, काटा बरोबर ठेवून खोटा हिशोब केला हीच तर माझी तक्रार! 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, काही आठवड्यांनी बिल नाही म्हणून बंद झाली. तिथला प्रत्येक जण पगार घेतो, आणि प्रत्येकाने मला पुढच्या दारात ढकललं. एका साहेबाने तर मलाच विचारलं, "बिनबिलाचं सोनं घेतलं म्हणजे तुम्हीही दोषीच ना?" दोषी असेन. पण माझे 5,880 वाचले म्हणून त्याने लुबाडलेले 56,851 माफ होतात का? या फेऱ्यांत अडीच महिने गेले, आणि ग्राहक आयोगात जायची मुदत दोनच वर्षांची. कुणी एका शब्दाने सांगितलं नाही. एका वकील मुलाने सांगितलं म्हणून कसाबसा मुदतीत ई-जागृतीवर, म्हणजे ग्राहक आयोगाच्या ऑनलाइन पोर्टलवर, अर्ज केला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, हेही त्यानेच सांगितलं.

बिलावर एकूण वजन आणि निव्वळ सोन्याचं वजन वेगवेगळं लिहून घ्या. मणी, खडे, लाख, मीना सगळं वजा करायला लावा. नुसता 916 चा, म्हणजे 22 कॅरेटचा ठसा बघून भुलू नका. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, लागतो, तो बीआयएस केअर अॅपवर तिथेच, पैसे द्यायच्या आधी तपासा. सणाच्या गर्दीत सोनं घेऊ नका. घरातली बाई दुकानात काही विचारत असेल तर तिला बोलू द्या.

आयोगात पुढची तारीख पडली आहे. पेन्सिलीचं 31.250 पुसट व्हायला लागलंय, म्हणून चिठ्ठीचे फोटो काढून ठेवलेत. मणी अजून त्याच प्लास्टिकच्या पुडीत आहेत. मुलीने नवे ओवून घेतले, हे मी सुनावणीला नेणार आहे.